परभाषेतलं संशोधन शोधताना भाषेचा फिल्टर शेवटी

जर्मन, जपानी किंवा पोर्तुगीजमधलं संशोधन हवं असलं की बरेच जण एकच गोष्ट करतात. ग्रंथालयाच्या पानावरच्या मोठ्या चौकोनात इंग्रजी शब्द टाकतात, बाजूच्या पट्टीत ‘भाषा’ उघडून जर्मनवर टिचकी मारतात आणि आलेले मूठभर निकाल बघून ठरवून टाकतात की या विषयावर जर्मनमध्ये फारसं काम झालेलं नाही. काम भरपूर झालेलं असू शकतं. पण डेटाबेस शोधतो ती लेखाची नोंद (शीर्षक, लेखक, विषय अशी माहिती), आणि ती नोंद कुणी, कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत बनवली यावर ती तुमच्या हाती लागणार की नाही हे ठरतं. नोंदीची ही घडण ओळखता आली की परभाषेतल्या शोधाचं निम्मं काम झालं.

तो मोठा चौकोन काय बघतो

मुख्य पानावरच्या चौकोनामागे बहुधा प्रिमो, समन किंवा एब्स्कोची डिस्कव्हरी सर्व्हिस असते. प्रकाशकांनी आणि डेटाबेस कंपन्यांनी पुरवलेल्या नोंदींचा तो एक प्रचंड साठा. त्यात मोठ्या इंग्रजी प्रकाशकांचा माल व्यवस्थित येतो. चीनचं सीएनकेआय, जपानचं साइनी, रशियाचं ई-लायब्ररी यांतल्या नोंदी मात्र त्यात अनेकदा नसतात, किंवा अर्धवट असतात. ग्रंथालयाने पैसे मोजून घेतलेला परभाषेतला डेटाबेससुद्धा या चौकोनातून दिसेलच असं नाही. म्हणून पहिली पायरी म्हणजे चौकोन सोडून ‘ए टू झेड डेटाबेसेस’ ही यादी उघडणं आणि ती विषयानुसार किंवा प्रदेशानुसार गाळणं. पूर्व आशिया, स्लाव्ह, लॅटिन अमेरिका असे विभाग असले तर तिथे कुणीतरी विषयतज्ज्ञ ग्रंथपालही असतो. त्याचं नाव त्याच पानावर सापडतं, ते टिपून ठेवा.

आता भाषेचा फिल्टर. तो लेख वाचत नाही, नोंदीतला तीन अक्षरी भाषाकोड वाचतो. हा कोड भरलेलाच नसेल तर लेख सगळ्याच भाषांच्या फिल्टरमधून गळतो. काही प्रकाशकांच्या फायलींमध्ये सारांश इंग्रजीत आहे म्हणून अख्खा लेखच इंग्रजी म्हणून नोंदलेला असतो. त्यातून एकाच भाषेचे दोन कोड चालतात: जर्मनसाठी ग्रंथालयीन नोंदीत जी-ई-आर आणि इतरत्र डी-ई-यू, फ्रेंचसाठी एफ-आर-ई आणि एफ-आर-ए, चिनीसाठी सी-एच-आय आणि झेड-एच-ओ. दोन्ही कोड एकत्र न करणाऱ्या यंत्रणेत निकाल दोन ढिगांत विभागले जातात. त्यामुळे शोध आधी फिल्टरशिवाय चालवा, आकडा टिपा, मग भाषांची यादी उघडून ‘अनडिटरमाइन्ड’ किंवा ‘अननोन’ हा कप्पा बघा. तो कप्पा मोठा असला तर फिल्टर लावून मिळालेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

इंग्रजी शीर्षकाखाली जर्मन लेख

स्कोपस हा लेखांचा मोठा निर्देशांक इतर भाषांतली जर्नलं घेतो, पण शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवेत ही त्याची अट आहे. वेब ऑफ सायन्स या तशाच निर्देशांकाच्या कोअर कलेक्शन या मुख्य संचातही लेखाची माहिती इंग्रजीतच असावी लागते. परिणाम असा की या दोन्ही ठिकाणी जर्मन शब्द टाकून जर्मन लेख शोधणं जवळपास फुकट जातं. इथे इंग्रजी शब्दांनीच शोधायचं आणि शेवटी भाषा गाळायची. स्कोपसच्या ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये ‘लँग्वेज’ हे क्षेत्र लिहून कंसात भाषेचं इंग्रजी नाव दिलं की भागतं. वेब ऑफ सायन्समध्ये आणखी एक गोष्ट तपासा: वर ‘कोअर कलेक्शन’ निवडलेलं आहे की ‘ऑल डेटाबेसेस’? सायेलोचा लॅटिन अमेरिकी निर्देशांक आणि कोरियाचा केसीआय हे कोअर कलेक्शनच्या बाहेर आहेत. ग्रंथालयाच्या वर्गणीत ते असले तर ‘ऑल डेटाबेसेस’ केल्याशिवाय ते चाळले जात नाहीत.

पबमेड या वैद्यकीय डेटाबेसची पद्धत जास्त प्रामाणिक म्हणावी लागेल. इंग्रजीखेरीज इतर भाषेतल्या लेखाचं शीर्षक तिथे इंग्रजीत भाषांतर करून चौकटी कंसात ठेवतात आणि मूळ भाषा खाली नोंदवतात. निकालांची यादी चाळताना शीर्षकाच्या दोन्ही टोकांना चौकटी कंस दिसले की समजायचं, लेख परभाषेतला आहे. भाषेने गाळायला तीन अक्षरी कोड आणि त्याला चिकटून चौकटी कंसात ‘एलए’ हा टॅग. जपानीसाठी मात्र जे-पी-एन वापरायचं, नावाची पहिली तीन अक्षरं नाहीत. मूळ भाषेतलं शीर्षक, रोमन लिपीत आणलेलं, ‘टीटी’ या टॅगखाली शोधता येतं. ही सोय माहीत असणारे लोक थोडे, पण हातात मूळ जर्मन शीर्षक असेल आणि इंग्रजी भाषांतर काय केलं असेल याचा अंदाज येत नसेल तेव्हा हाच रस्ता.

गाडी अडते ती यानंतर. चौकटी कंसातलं इंग्रजी शीर्षक उचलून ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये टाकलं की शून्य निकाल येतात, कारण त्या नावाचा लेख कुठेच छापलेला नाही. ते डेटाबेसवाल्यांनी केलेलं भाषांतर असतं. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) असेल तर त्याच्यावरून प्रकाशकाच्या पानावर जा, मूळ शीर्षक तिथे असतं. जुन्या लेखाला डीओआय नसेल तर जर्नलचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), वर्ष, खंड आणि पहिलं पान या चार गोष्टी पुरतात. शीर्षक पूर्ण विसरा आणि त्या खंडाची अनुक्रमणिका शोधा.

याच्या उलटही घडतं: एकच लेख दोन ठिकाणी दोन तोंडांनी उभा. रसायनशास्त्रातल्या ‘आंगेवांड्टे केमी’ची जर्मन आवृत्ती वेगळी आणि इंटरनॅशनल एडिशन वेगळी. लेख तोच, पण डीओआय निराळे, आणि जुन्या अंकांत पानांचे आकडेही निराळे. सोव्हिएत काळात रशियन भौतिकशास्त्राची जर्नलं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजीत भाषांतरित होऊन निघत. ‘उस्पेखी फिझिचेस्किख नाउक’ हे त्यातलं ठळक उदाहरण. रशियन पानांचा आकडा घेऊन इंग्रजी आवृत्तीत गेलात तर भलताच लेख समोर येतो. संदर्भ नेमका कोणत्या आवृत्तीचा आहे हे आधी ठरवा. आणि इंग्रजी आवृत्ती उपलब्ध असेल तर अर्थात भाषांतराची मेहनतही वाचते.

शब्द कुठून आणायचे

शब्दकोशातून किंवा भाषांतरयंत्रातून काढलेला शब्द बऱ्याचदा बरोबर असतो आणि तरी निरुपयोगी ठरतो, कारण त्या शाखेतले लोक तो वापरत नाहीत. खात्रीचा मार्ग म्हणजे आधी इंग्रजीतून चार-पाच नेमके परभाषिक लेख मिळवायचे आणि त्यांच्याच कीवर्डच्या ओळीतून शब्द उचलायचे. बहुतेक जर्नलं सारांश आणि कीवर्ड दोन भाषांत छापतात. त्या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवल्या की तुमचा छोटा शब्दसंग्रह तयार. विकिपीडियाच्या लेखावरून दुसऱ्या भाषेतल्या त्याच विषयाच्या लेखावर उडी मारणं ही दुसरी युक्ती. हिला कुणी शास्त्रीय म्हणणार नाही, पण ती बऱ्यापैकी चालते.

तयार बहुभाषिक शब्दावल्याही आहेत. शेती, पाणी, अन्न यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या एफएओची ॲग्रोव्होक, कायदा आणि धोरणासाठी युरोपीय संघाची युरोव्होक (संघाच्या 24 अधिकृत भाषांत), वैद्यकासाठी मेश या विषयशीर्षकांच्या (विषय दाखवणाऱ्या ठरीव संज्ञांच्या) यादीवर आधारलेली डेक्स, जिच्यात स्पॅनिश आणि पोर्तुगीज संज्ञा इंग्रजीला जोडलेल्या आहेत. जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाच्या ‘बेस’ या शोधयंत्रात तर युरोव्होकच्या आधारे इतर भाषांतले पर्यायी शब्द आपोआप जोडण्याची खूणच आहे. ती डीफॉल्ट बंद दिसली तर चालू करा.

एक उदाहरण जवळून बघू. विषय: भूजलातलं नायट्रेट, भाषा: जर्मन. नवखा माणूस ‘निट्राट अँड ग्रुंडवासर’ असं टाकतो (अर्थात रोमन अक्षरांत; ‘अँड’ म्हणजे दोन्ही शब्द हवेत). काही लेख येतात. पण जर्मन भाषा शब्द जोडून नवे शब्द बनवते. नायट्रेटचा भार म्हणजे ‘निट्राटबेलास्टुंग’, पाण्यात येऊन मिसळणारं नायट्रेट म्हणजे ‘निट्राटआइनट्राग’, भूजलाचं रक्षण म्हणजे ‘ग्रुंडवासरशुट्झ’. हे सगळे एकेक अखंड शब्द. ‘निट्राट’ शोधलंत तर यंत्र नेमका तेवढाच शब्द बघतं. म्हणून दोन्ही शब्दांच्या शेवटी तारा लावायचा: निट्राट* अँड ग्रुंडवासर*. विभक्तीचे शेपटीतले बदलही त्यात येऊन जातात.

तारा शेवटी लावता येतो, सुरुवातीला लावायची परवानगी बऱ्याच डेटाबेसमध्ये नसते. त्यामुळे ‘वासर*’ (पाणी) टाकून ‘ग्रुंडवासर’ किंवा ‘ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी) सापडत नाही, कारण ‘वासर’ तिथे शब्दाच्या पोटात आहे. असे जोडशब्द एकेक करून ‘ऑर’ने (म्हणजे ‘यांतला कुठलाही’) बांधावे लागतात. पबमेडमध्ये तारा लावला की शब्द आपोआप विषयशीर्षकाशी जोडण्याची सोय त्या शब्दापुरती बंद पडते. तिथे तारा आणि मेशचं शीर्षक अशा दोन वेगळ्या ओळी लिहून नंतर ‘ऑर’ करा.

विषयशीर्षकं ही खरं तर परभाषेतल्या शोधातली सगळ्यात कमी वापरली जाणारी चीज. मेश किंवा एमएलए बिब्लिओग्राफीतली विषयशीर्षकं इंग्रजीत असतात, पण ती माणसाने किंवा यंत्राने प्रत्येक भाषेतल्या लेखाला लावलेली असतात. मूळ लेखात इंग्रजीचा एक शब्द नसला तरी शीर्षकावरून तो सापडतो. साहित्य आणि भाषाविज्ञानासाठी तर एमएलएपासूनच सुरुवात करावी.

लिप्यंतराची भानगड

रोमन नसलेल्या लिपीतला लेखक किंवा पुस्तक शोधताना खरी कसोटी लागते. मेंडेलेयेव्ह हे नाव घ्या, आवर्तसारणीवाला. इंग्रजी नोंदीत त्याच्या नावाचा शेवट ई-ई-व्ही असा, काही ठिकाणी मध्ये वाय घालून. जर्मनमध्ये शेवट जे-ई-डब्ल्यू. फ्रेंचमध्ये आय वर दोन टिंबं. एकच माणूस, चार स्पेलिंगं, आणि साधा शोध त्यातलं एकच धरतो. रशियन वर्णमालेतलं शेवटचं अक्षर, ‘या’, अमेरिकी ग्रंथालयीन पद्धतीत आय-ए होतं, रोजच्या इंग्रजीत वाय-ए आणि जर्मनमध्ये जे-ए. त्यामुळे आडनावाच्या शेवटी किंवा शीर्षकात ‘या’ आला की तिन्ही रूपं लिहा. जगभरच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या लेखकनोंदी एकत्र आणणारं व्हायाफ हे संकेतस्थळ यासाठी उघडं ठेवा. लेखकाचं कुठलंही एक रूप टाका, बाकीची सगळी रूपं एका पानावर दिसतात. ती तिथून उचलून ‘ऑर’ने जोडायची.

चिनी नोंदींना इतिहासाचं ओझं आहे. अमेरिकी ग्रंथालयं 2000 च्या ऑक्टोबरपर्यंत चिनी रोमन लिपीत लिहायला वेड-जाइल्स पद्धत वापरत होती, तिथून पुढे पिनयिन. जुन्या नोंदी यंत्राने बदलल्या, पण छापील सूच्या, जुने संदर्भ आणि प्रबंधांच्या तळटीपा तशाच राहिल्या. जुन्या तळटीपेतलं नाव आजच्या कॅटलॉगमध्ये टाकण्याआधी पिनयिन करून घ्या. दुसरी खोड अशी की ग्रंथालयीन पिनयिनमध्ये प्रत्येक अक्षरोच्चार सुटा लिहितात, फक्त व्यक्तींची आणि स्थळांची नावं जोडून. अर्थव्यवस्थेला चिनीत ‘जिंगजी’ म्हणतात. तो शब्द एकत्र लिहिलात तर कॅटलॉग हात वर करतो, ‘जिंग जी’ असा तोडून लिहिलात की पुस्तकांची रांग लागते. आणि मूळ चिनी अक्षरांत शोधणार असाल तर सोपी आणि पारंपरिक अशी दोन्ही रूपं द्या. नुसतं रूप बदलून भागत नाही, मुख्य भूमीवर आणि तैवानमध्ये संज्ञाच वेगळ्या असतात: सॉफ्टवेअरला एकीकडे ‘रुआनजिएन’, दुसरीकडे ‘रुआनथी’. तैवानचं संशोधन एअरिटीसारख्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतं, तिथे तैवानचेच शब्द लागतात.

जपानीसाठी कॅटलॉग हेपबर्न पद्धत वापरतात. जपानी लेखकांनी स्वतः केलेल्या रोमन लेखनात मात्र कुनरेइ पद्धतही येते, त्यात ‘शि’ला ‘सि’ आणि ‘त्सु’ला ‘तु’ लिहितात. दीर्घ स्वरावरची आडवी रेघ बरेच कॅटलॉग दुर्लक्षित करतात, पण रेघेऐवजी कुणी ओ-यू असं लिहिलं असेल तर तो त्यांच्या लेखी वेगळा शब्द. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जपानी छपाईत जुनी कांजी अक्षरं आहेत आणि सगळी यंत्रं जुनी-नवी जोडी ओळखत नाहीत. कोरियन नावांत तर ‘पार्क’ कॅटलॉगमध्ये ‘पाक’ म्हणून बसलेला असतो आणि ‘ली’ ‘यी’ म्हणून, कारण ग्रंथालयं अजून मॅक्यून-रायशाउअर पद्धतीवर आहेत, कोरियाने 2000 मध्ये स्वतःची नवी पद्धत आणली असली तरी.

मूळ लिपीत टंकता येत असेल तर दोन्हीकडून शोधा. आजच्या मार्क (ग्रंथालयांचा संगणकीय नोंदीचा साचा) नोंदीत 880 क्रमांकाच्या क्षेत्रात मूळ लिपीतलं शीर्षक जोडीला ठेवतात. जुन्या नोंदींत हे क्षेत्र नसतं, तिथे फक्त रोमन. नुसत्या मूळ लिपीत शोधणाऱ्याला जुनी पुस्तकं दिसत नाहीत आणि नुसत्या रोमनमध्ये शोधणाऱ्याच्या हातून स्पेलिंग निसटतं.

रोमन लिपीतल्या भाषाही साध्या नाहीत. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात आणि तो पहिल्याखाली लावला जातो. मज्जासंस्थेवरचा नोबेलविजेता (1906) रामोन इ काहाल हा ‘आर’खाली हवा, पण कित्येक इंग्रजी निर्देशांकांत ‘काहाल’ म्हणून ‘सी’खाली सापडतो. पोर्तुगीजमध्ये उलट, शेवटचं आडनाव धरतात. हंगेरियन लेखक आपल्या भाषेत आडनाव आधी लिहितात. लेखकाच्या नावाने काही मिळालं नाही तर नावाचे तुकडे आलटून-पालटून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्पेलिंग, सुधारणा आणि ‘ऑर’ नावाचं सोनं

जर्मनचा यू-उमलाउट (वर दोन टिंबं असलेला यू) हा काही ठिकाणी यू-ई, काही ठिकाणी नुसता यू. अक्षरं सपाट करून शोधणारा डेटाबेस सगळे आणतो, बाकीचे नाही. एकदा तिन्ही प्रकारे टाकून आकडे ताडून बघा, त्या डेटाबेसचा स्वभाव कळतो. जुन्या साहित्यासाठी लेखनसुधारणांची वर्षं लक्षात ठेवा: जर्मनमध्ये 1901 आधी ‘टाल’ (दरी) टी-एच ने लिहीत, रशियनमध्ये 1918 ला अक्षरंच कमी झाली, पोर्तुगीजमध्ये 1990 च्या करारानंतर पोर्तुगालने बरीच मूक व्यंजनं टाकून दिली. विजेसाठीचा पोर्तुगीज शब्द जुन्या लेखांत ‘क’सह आहे, नव्यांत ‘क’शिवाय. दोन्ही लिहा.

फ्रेंचमध्ये ‘ओ-आर’ म्हणजे सोनं. डेटाबेसला ते ‘किंवा’ वाटतं. जर्मनमध्ये ‘एन-ओ-टी’ म्हणजे टंचाई, निकड. डेटाबेस त्यानंतरचं सगळं वगळून टाकतो. पबमेड फक्त मोठ्या अक्षरांतले ऑपरेटर मानतं, इतर अनेक ठिकाणी लहान अक्षरंही चालतात आणि तिथेच घोळ होतो. असा शब्द अवतरणचिन्हांत घाला. फ्रेंच शीर्षकातली लोपचिन्हंही (अपॉस्ट्रॉफी) तपासा: वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेलं वळलेलं चिन्ह काही जुन्या यंत्रणांना सरळ चिन्हासारखं वाटत नाही.

जुन्या जर्मन पुस्तकांचा पूर्ण मजकूर शोधत असाल तर आणखी एक: फ्राक्टुर लिपीतला लांब ‘एस’ ओसीआरला (छापील अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राला) ‘एफ’ दिसतो. मधल्या ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून एकदा शोधा. वेडेपणा वाटतो, पण निकाल येतात.

कुठे जायचं, थोडक्यात

जर्मनसाठी कार्ल्सरूहचा केव्हीके (1996 पासून) एकाच वेळी अनेक देशांचे कॅटलॉग चाळतो, नियतकालिकांसाठी झेडडीबी. फ्रेंचसाठी कॅर्न, पर्से, ओपनएडिशन, एचएएल. प्रबंधांसाठी थेझ डॉट एफआर. स्पॅनिशसाठी ला रिओहा विद्यापीठाचं डायलनेट, आणि लॅटिन अमेरिकेसाठी सायेलो व रेडालिक, हे दोन्ही मुक्त. रशियनसाठी ई-लायब्ररी आणि सायबरलेनिंका, दुसरं मुक्त. जपानीत जे-स्टेजपासून सुरुवात करा, ते इंग्रजीतून वापरता येतं आणि बरेचसे लेख मोफत उघडतात. मग साइनी रिसर्च, ज्यात 2022 मध्ये जुनं साइनी आर्टिकल्स विलीन झालं.

चिनीसाठी सीएनकेआय. त्याचं परदेशी वाचकांसाठीचं संकेतस्थळ वेगळं आहे. देशांतर्गत संकेतस्थळावर गेलात तर तुमच्या ग्रंथालयाची वर्गणी ओळखलीच जात नाही, म्हणून ग्रंथालयाच्या दुव्यावरूनच जा. सीएजे आणि पीडीएफ असे दोन पर्याय दिसले तर पीडीएफ घ्या, सीएजे उघडायला स्वतंत्र सॉफ्टवेअर बसवावं लागतं. 2023 च्या एप्रिलमध्ये चीनबाहेरच्या संस्थांसाठी प्रबंध, परिषदांचे लेख आणि सांख्यिकी वार्षिकं यांचा प्रवेश थांबवण्यात आला होता, म्हणून या प्रकारचं साहित्य हवं असेल तर काय उघडतं ते आधी विचारून घ्या.

गूगल स्कॉलर पूरक म्हणून ठीक. सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’खाली आपलं ग्रंथालय जोडा (पाचपर्यंत जोडता येतात), म्हणजे निकालाशेजारी ग्रंथालयाचा दुवा येतो. कितीही लाख निकाल म्हटलं तरी ते पहिले 1000 च दाखवतं.

पूर्ण लेख हातात येईपर्यंत

घरून शोधताना प्रकाशकाच्या पानावर किंमत दिसली तर याचा अर्थ ग्रंथालयाने वर्गणी भरलेली नाही असा लगेच काढू नका. पत्त्याच्या पट्टीत बघा: ईझीप्रॉक्सी या ग्रंथालयाच्या लॉगिन यंत्रणेतून गेला असाल तर प्रकाशकाच्या पत्त्याला ग्रंथालयाचा पत्ता जोडलेला दिसतो. तो नसेल तर यंत्रणेने तुम्हाला ओळखलेलंच नाही. शोधयंत्रातून थेट लेखावर गेलं की असं होतं. पत्त्याच्या पट्टीतून जतन केलेला दुवाही काही दिवसांत मरतो, कारण त्यात तुमच्या सत्राची खूण असते. डीओआय जपा आणि त्याच्या पुढे ग्रंथालयाचा प्रॉक्सी उपसर्ग लावा. काही पूर्व आशियाई डेटाबेस एकावेळी मोजक्याच वाचकांना आत घेतात. तिथे काम झालं की टॅब बंद न करता ‘लॉग आऊट’ दाबा, नाहीतर तुमची जागा अडून राहते आणि दुसऱ्या कुणाला दार बंद दिसतं. आणि एका बसणीत शेकडो पीडीएफ उतरवू नका. प्रकाशकाची यंत्रणा ते यंत्राचं काम समजते आणि अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश बंद होऊ शकतो.

एखादं युरोपीय जर्नल मोफत आहे का हे बघायला रेगेन्सबुर्गचं ईझेडबी सोयीचं. हिरवा दिवा म्हणजे सर्वांना खुलं, पिवळा म्हणजे निवडलेल्या ग्रंथालयाची वर्गणी आहे, लाल म्हणजे पूर्ण मजकूर नाही. लाल दिसलं की आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज.

या अर्जात चूक झाली की तो नाकारला जातो किंवा आठवडाभर फिरत राहतो. शीर्षक मूळ भाषेत लिहा, रोमन आणि जमलं तर मूळ लिपीतही. जर्नलचं पूर्ण नाव लिहा, संक्षेप नको. आयएसएसएन आठ आकडी, शेवटचा अंक ‘एक्स’ असू शकतो, ती टंकनचूक नव्हे. जर्मन संदर्भात ‘जे-जी’ म्हणजे वर्षानुक्रम, ‘एच’ म्हणजे अंक, ‘एस’ म्हणजे पान. ‘एस. 45’ ही पुरवणी समजून अर्ज भरणारे पुष्कळ. ‘एन.एफ.’ दिसलं तर जास्त सावध व्हा: ती नवी मालिका, खंडांची मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे नव्या मालिकेचा बारावा खंड आणि जुन्या मालिकेचा बारावा खंड यांत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. जपानीत ‘कान’ म्हणजे खंड, ‘गो’ म्हणजे अंक. शेवटी हा संदर्भ कुठे सापडला तेही लिहा. संदर्भच चुकीचा असेल तर त्या एका ओळीवरून ग्रंथपाल तो दुरुस्त करू शकतो.

वाचताना आणि नोंदवताना

भाषा येत नसेल तर यंत्रभाषांतर निवड करण्यापुरतं पुरतं: सारांश, तक्त्यांची शीर्षकं, आकृत्यांखालच्या ओळी. मात्र वर्गणीतला पूर्ण लेख कुठल्याही मोफत भाषांतर सेवेत चढवण्याआधी परवान्याच्या अटी वाचा, बऱ्याच परवान्यांत ते बसत नाही. आकडे तर मूळ पीडीएफमधूनच घ्या. जर्मनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, म्हणजे 1.250 हे साडेबाराशे असतात, सव्वा नव्हे. आणि आपल्या नायट्रेटच्या उदाहरणात आणखी एक खाच आहे. युरोपीय लेख सहसा आकडा नायट्रेट म्हणून देतात, अमेरिकी लेख बहुधा नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा. लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे साधारण 11.3 मिलिग्रॅम नायट्रोजन. तक्त्याच्या डोक्यावरचं एकक न बघता दोन्ही लेख शेजारी ठेवले तर जर्मन विहिरी चौपट-साडेचौपट घाण दिसतील.

झोटेरो या संदर्भ जपणाऱ्या प्रणालीत नोंद घेताना ‘लँग्वेज’ हे क्षेत्र भरा, जर्मनसाठी डी-ई. ते रिकामं असलं तर काही संदर्भशैली जर्मन शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजी पद्धतीने मोठं करून टाकतात. मूळ शीर्षक मुख्य क्षेत्रात, इंग्रजी भाषांतर ‘एक्स्ट्रा’मध्ये.

प्रत्येक डेटाबेससाठी तारीख, नेमकी शोधओळ, फिल्टरआधीचा आणि फिल्टरनंतरचा आकडा एका तक्त्यात ठेवा. पद्धतशीर आढाव्यात भाषेची मर्यादा घातली असेल तर ती लिहावी लागते, आणि वैद्यकीय आढावे करणाऱ्या कॉक्रेन संस्थेची मार्गदर्शिका तर अशी मर्यादा घालूच नये असं सांगते. हाच तक्ता विषयतज्ज्ञ ग्रंथपालाला पाठवला की कुठल्या ओळीत चूक आहे ते त्याला लगेच दिसतं. ‘जर्मन लेख मिळत नाहीत’ एवढ्याच मेलला तोही काही करू शकत नाही. हवा असलेला डेटाबेस ग्रंथालयाकडे नसेल तर चाचणी प्रवेश मागा. पुरवठादार बहुधा काही आठवड्यांसाठी तो देतात, फक्त विनंती ग्रंथालयाकडून जावी लागते. मागण्याआधी शोधओळी तयार ठेवा, म्हणजे ते आठवडे शब्द जमवण्यात जाणार नाहीत.